आडनाव रमोन

माझ्याकडे एक काळा टीशर्ट आहे. सात-आठ वर्षांपूर्वी पुण्यात एफसी रोडच्या फुटपाथवर घेतलेला. विक्रेता साडेतीनशे म्हणाला, मी दोनशे म्हणालो, अडीचशेला जमलं. छातीवर पांढऱ्या रंगात गोल शिक्का, मधोमध पंख पसरलेला गरुड आणि वर ठळक अक्षरांत ‘रमोन्स’. मला वाटलं, कपड्यांचा ब्रँड असेल.

तो घालून एकदा तालमीला गेलो, तर आमच्या प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या पोरानं अडवलं. “यांची तीन गाणी सांग.” मला एकही सांगता येईना. “निदान टीशर्ट तरी वाच,” तो म्हणाला. तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. गरुडाभोवतीच्या वर्तुळात चार नावं होती. जॉनी, जोई, डी डी, टॉमी.

त्याच आठवड्यात सांगलीला प्रयोग होता. दौऱ्याच्या बसमध्ये मागच्या सीटवर हेडफोन लावून बसलो. दोन-अडीच मिनिटांची गाणी. एक संपतंय तोवर दुसरं सुरू. गिटारवाला मध्येच थांबून करामती दाखवत नाही, ड्रमर कुठे दम खात नाही, घाटात गिअर न बदलता चढणाऱ्या एसटीसारखं सगळं एका लयीत धडधडत राहतं. साताऱ्याच्या आधीच तीन अल्बम संपले होते.

मग फोनवर त्यांच्याबद्दल वाचायला लागलो आणि एका गोष्टीशी अडकलो. टीशर्टवरची ती चार माणसं एकत्र होती फक्त १९७४ ते १९७८. बँड चालला १९९६ पर्यंत. म्हणजे मधली अठरा वर्षं या चारपैकी कुठल्या ना कुठल्या जागेवर दुसरंच कुणी तरी बसलेलं होतं.

मला हे टोचलं त्याला कारण होतं. मी तेव्हा त्या नाटकात रिप्लेसमेंट करत होतो. मूळ नटाला मालिका मिळाली, तारखा जुळेनात, म्हणून अठ्ठेचाळिसाव्या प्रयोगापासून त्याच्या जागी मी. थिएटरबाहेरच्या फलकावर फोटो त्याचाच होता. माझी नाइट त्याच्यापेक्षा कमी होती. पेपरातल्या जाहिरातीत ‘नव्या संचात’ असे दोन शब्द टाकायलाही निर्माता तयार नव्हता, कारण त्यानं बुकिंग पडतं असं त्याचं म्हणणं.

त्यामुळे टीशर्टवर नाव असलेल्या चौघांपेक्षा नाव नसलेल्यांबद्दल मला जास्त कुतूहल वाटलं. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

एकाच घरातले नसलेले भाऊ

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात फॉरेस्ट हिल्स नावाची मध्यमवर्गीय वस्ती आहे. तिथली ही पोरं. जॉन कमिंग्ज बांधकामावर काम केलेला, तापट, शिस्तीचा कडक. डग्लस कॉल्विनचे वडील सैन्यात, म्हणून त्याचं लहानपण जर्मनीत गेलं. जेफ्री हायमन खूप उंच, खूप बारीक, बुजरा. एखादी कृती पुन्हा पुन्हा करत राहण्याचा मानसिक आजार त्याला होता आणि तो आयुष्यभर पुरला. चौथा थॉमस एर्डेली. याचा जन्म १९४९ चा, बुडापेस्टचा. त्याचे ज्यू आई-वडील नाझींच्या काळात शेजाऱ्यांनी लपवल्यामुळे वाचले होते आणि पुढे कुटुंब अमेरिकेत आलं.

१९७४ च्या सुरुवातीला हा बँड सुरू झाला. नाव कुठून आलं त्याची गंमत आहे. बीटल्स प्रसिद्ध होण्याआधी पॉल मॅकार्टनी काही काळ ‘पॉल रमोन’ हे टोपणनाव वापरायचा. डग्लसनं ते उचललं आणि स्वतःला डी डी रमोन म्हणवून घ्यायला लागला. मग बाकीच्यांनीही तेच आडनाव घेतलं. जॉनी रमोन, जोई रमोन, टॉमी रमोन. चौघांचे केस कपाळावर उतरलेले, चौघांच्या अंगात काळं चामड्याचं जाकीट, खाली गुडघ्यावर फाटलेली जीन्स. बघणाऱ्याला सख्खे भाऊ वाटावेत.

आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितात आणि माहेरचं नाव त्या दिवसापासून मागे पडतं. माझ्या आजीचं माहेरचं नाव मला ती गेल्यानंतर कळलं. रमोन होणं मला थोडंसं तसं वाटतं. बँडमध्ये आलात की आधीचं आडनाव बाहेर ठेवायचं. सुरुवातीच्या अल्बम्सवर गाणी कुणी लिहिली तेही वेगवेगळं छापलेलं नव्हतं. श्रेय सगळ्या घराला.

खरं तर पहिला बदल बँड धड सुरू व्हायच्या आधीच झाला. पहिल्या कार्यक्रमात, ३० मार्च १९७४ ला, तिघंच होते आणि ड्रम वाजवत होता जोई. डी डी बेस वाजवत गात होता. दोन्ही एकदम त्याला झेपेना, म्हणून जोई पुढे येऊन गायला लागला आणि ड्रमची जागा रिकामी झाली. टॉमी तेव्हा बँडचा मॅनेजर. त्यानं ड्रमर शोधायला ऑडिशन्स घेतल्या. येणारा प्रत्येक जण गरजेपेक्षा जास्त वाजवायचा. टॉमी त्यांना समजावून सांगायचा, शेवटी स्वतःच बसून दाखवायला लागला आणि तिथेच राहिला. तो मुळात ड्रमर नव्हता. रेकॉर्डिंग स्टुडिओत काम केलेला माणूस होता, म्हणून त्याला काय नको ते नेमकं माहीत होतं.

१६ ऑगस्ट १९७४ ला ते पहिल्यांदा मॅनहॅटनच्या बावरी रस्त्यावरच्या सीबीजीबी या छोट्याशा क्लबमध्ये वाजवायला उभे राहिले. १९७६ च्या एप्रिलमध्ये पहिला अल्बम आला. त्याचं नाव ‘रमोन्स’च. १४ गाणी, एकूण लांबी अर्ध्या तासाच्या आत, रेकॉर्डिंगचा खर्च सुमारे ६,४०० डॉलर. त्या काळातले मोठे रॉक बँड एकेका अल्बमवर महिनोन् महिने आणि प्रचंड पैसे घालत होते. त्याच वर्षी ४ जुलैला त्यांनी लंडनच्या राउंडहाउसमध्ये कार्यक्रम केला. त्या दौऱ्यानं ब्रिटनमधल्या तरुण पोरांना वाटायला लागलं, हे तर आपल्यालाही जमेल. पंक नावाची जी लाट पुढे आली, तिच्या मुळाशी ही भावना होती.

पण अमेरिकेतल्या खपाच्या यादीत तो अल्बम १११ व्या क्रमांकाच्या वर गेला नाही. कौतुक झालं, पैसे आले नाहीत. मग पैशासाठी एकच मार्ग उरला. व्हॅनमध्ये बसायचं आणि गावोगाव वाजवत फिरायचं.

ड्रमची खुर्ची

फिरणं टॉमीला सोसेना. व्हॅनमधली भांडणं, रोज नवं गाव, त्याच चार तोंडांकडे बघत काढलेले दिवस. १९७८ मध्ये त्यानं ड्रम सोडले. भांडून गेला नाही. पुढच्या ‘रोड टू रुइन’ अल्बमचं निर्मितीचं काम त्यानं पाहिलं. वाजवायला मात्र नवा माणूस आला. ब्रुकलिनचा मार्क बेल, आता मार्की रमोन.

मार्की आधी हेवी रॉक वाजवणाऱ्या एका बँडमध्ये होता. हात तयार होता. इथे त्याला उलटी मेहनत करावी लागली, येत असलेलं बाजूला ठेवायची. रिप्लेसमेंट केलेल्या कुठल्याही नटाला विचारा, हे कळेल. मला पहिल्या आठ-दहा प्रयोगांत दिग्दर्शक एकच सांगायचा, “तुझं काही घालू नकोस. मूळच्या टाळीच्या जागा आहेत त्या येऊ देत.”

आता गंमत बघा. रमोन्सच्या आज खूप ऐकल्या जाणाऱ्या गाण्यांपैकी एक म्हणजे ‘आय वॉना बी सिडेटेड’. ते ‘रोड टू रुइन’वर आहे. म्हणजे त्यावर ड्रम मार्कीचे आहेत. टॉमीचं नाव असलेला टीशर्ट घालून आपण जे गुणगुणतो, त्यात वाजवतोय भलताच माणूस.

मार्की पाच वर्षं टिकला. या काळात बँडनं सिनेमात काम केलं, फिल स्पेक्टरसारख्या नामवंत निर्मात्याबरोबर ‘एंड ऑफ द सेंच्युरी’ हा अल्बम केला. तो १९८० मध्ये अमेरिकेत ४४ व्या क्रमांकापर्यंत गेला, आणि त्याहून वर त्यांचा कुठलाही अल्बम कधी गेला नाही. दरम्यान मार्कीचं पिणं हाताबाहेर गेलं. १९८३ च्या सुरुवातीला त्याला काढून टाकलं.

व्हॅनमधली शांतता

आता मूळ चौघांपैकी टॉमी गेला होता, तिघं उरले होते आणि त्यातल्या दोघांचं बोलणं बंद झालं होतं.

जोईची प्रेयसी लिंडा त्याला सोडून जॉनीबरोबर राहायला लागली. पुढे जॉनीनं तिच्याशी लग्न केलं आणि ते जॉनीच्या मृत्यूपर्यंत टिकलं. जोई आणि जॉनी त्याआधीही एकमेकांना फार आवडत नव्हते. जोई डाव्या विचारांचा, जॉनी कट्टर उजवा, रेगनचा भक्त. १९८५ मध्ये रेगन जर्मनीतल्या बिटबुर्गच्या लष्करी दफनभूमीला भेट द्यायला गेले, जिथे नाझींच्या एसएसचे सैनिकही पुरलेले आहेत. ज्यू असलेल्या जोईनं त्यावर डी डीबरोबर निषेधाचं गाणं केलं. त्याच बँडमध्ये त्याच गाण्यावर जॉनीला गिटार वाजवायची होती.

तरीही दोघांनी बँड सोडला नाही. पहिल्या कार्यक्रमापासून शेवटच्यापर्यंत सलग असलेले हे दोघेच. शेजारी उभे राहायचे, कार्यक्रम संपला की व्हॅनमध्ये आपापल्या ठरलेल्या जागी बसायचे, एक शब्द न बोलता पुढच्या गावाला जायचे. एखाद-दुसरा दौरा नव्हे, दहा वर्षांहून जास्त काळ.

मला हे पूर्वी खोटं वाटलं असतं. पण नाटकाच्या बसमध्ये मी स्वतः पाहिलंय. रंगमंचावर नवरा-बायको असलेले दोन कलाकार विंगेत एकमेकांकडे पाठ करून उभे राहायचे. घंटा झाली की आत जाऊन एकमेकांचा हात धरायचे.

अशा घरात नवा माणूस येतो तेव्हा त्याला आधी कळतं ते हेच, की इथे कुणाशी बोलायचं आणि कुणासमोर कुणाचं नाव काढायचं नाही.

टीशर्टचा हिशोब

१९८३ मध्ये आलेला नवा माणूस म्हणजे रिचर्ड राइनहार्ट, रिची रमोन. तो आला त्याच वर्षी रस्त्यावरच्या मारामारीत जॉनीची कवटी फुटली आणि तो मरता मरता वाचला. त्यानंतरच्या अल्बमचं नाव त्यांनी ठेवलं ‘टू टफ टू डाय’. निर्मितीला पुन्हा टॉमी आला होता. आवाजात पुन्हा धार आली. त्यात रिचीचा मोठा हात होता. तो ड्रम वाजवायचा, मागून गायचा आणि गाणीही लिहायचा. त्यानं लिहिलेलं ‘समबडी पुट समथिंग इन माय ड्रिंक’ हे गाणं तो गेल्यावरही बँड वाजवत राहिला.

रिची का गेला हे समजण्यासाठी आधी टीशर्टकडे यायला हवं.

तो शिक्का आर्तुरो वेगा या मेक्सिकोत जन्मलेल्या चित्रकारानं केला. सीबीजीबीच्या जवळच राहायचा. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची जी अधिकृत मुद्रा आहे, तिच्यावरून त्यानं हे चित्र बेतलं. गरुडाच्या एका पंजात ऑलिव्हऐवजी सफरचंदाची फांदी दिली, दुसऱ्यात बाणांऐवजी बेसबॉलची बॅट, कारण जॉनीला बेसबॉलचं वेड. मुद्रेच्या कडेला जिथे राष्ट्राध्यक्षांचं पद लिहिलेलं असतं, तिथे चौघांची नावं घातली. वेगा बँडच्या प्रकाशयोजनेचंही काम करायचा आणि जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमाला हजर असायचा.

बँडमधली माणसं बदलली तशी या वर्तुळातली नावंही बदलत गेली. टॉमी पुसून मार्की, मग मार्की पुसून रिची. रेकॉर्ड फारशा खपत नसताना बँडला हात दिला तो दौऱ्यांनी आणि कार्यक्रमाच्या दारात विकल्या जाणाऱ्या या टीशर्टनी.

रिचीला पगार होता. वर्तुळात त्याचं नाव होतं, पण त्या टीशर्टच्या पैशात त्याला वाटा नव्हता. त्यानं तो मागितला. मिळाला नाही. ऑगस्ट १९८७ मध्ये, साडेचार वर्षांनी, तो निघून गेला.

या वादात जॉनीची बाजू मला समजू शकते. त्याच्या दृष्टीनं हे नाव, हा वेश, हा आवाज त्यांनी उपाशीपोटी उभा केला होता. तयार घरात राहायला आलेल्या माणसानं मालकी कशी मागावी? पण रिचीची बाजू मला समजून घ्यावी लागत नाही, ती माहीतच आहे. तुम्ही रोज रात्री ज्या नावानं घाम गाळता, ते नाव तुमच्या डोळ्यांसमोर विकलं जात असतं आणि घरी जाताना तुमच्या हातात पाकीट ठरलेलंच पडतं.

दोन रात्रींचा एल्व्हिस

रिची अचानक गेला आणि कार्यक्रम तर ठरलेले होते. मदतीला आला क्लेम बर्क. हा ब्लाँडी या बँडचा ड्रमर, त्या पिढीतल्या उत्तम ड्रमरांपैकी एक. सीबीजीबीच्या दिवसांपासूनचा ओळखीचा. त्याला नाव दिलं एल्व्हिस रमोन.

२८ ऑगस्ट १९८७ ला प्रॉव्हिडन्स आणि २९ ऑगस्टला ट्रेंटन. दोन कार्यक्रम झाले आणि तिथेच थांबलं. जॉनीला ते अजिबात पसंत पडलं नाही.

एवढ्या चांगल्या वादकाला हे का जमलं नसेल? त्यासाठी रमोन्सच्या ड्रमिंगमध्ये काय असतं ते पाहायला हवं. उजवा हात झांजेवर एकसारखे ठोके देत राहतो, प्रत्येक मात्रेला दोन, प्रचंड वेगात. त्याला विश्रांती नाही, कारण गाणी एकमेकांना चिकटलेली. त्यांचा ‘इट्स अलाइव्ह’ हा १९७७ च्या शेवटच्या रात्री लंडनमध्ये रेकॉर्ड केलेला अल्बम आहे. त्यात तासाच्या आत २८ गाणी आहेत, आणि पुढच्या वर्षांत हा वेग आणखी वाढला. समोर जॉनी गिटारच्या तारांवर फक्त वरून खाली घाव घालतो, खालून वर नाही. हात दुखतो, पण आवाज तसाच येतो. या दोघांचं अंतर केसभर हललं तरी सगळं ढिलं वाटतं. बर्कचा हात मोकळा, वळणं घेणारा. तो उत्तमच वाजवत असणार, फक्त दुसऱ्या बँडचं.

टॉमीनं ‘जास्त वाजवू नका’ म्हणून जी पद्धत ठरवली, ती बाहेरून इतकी सोपी दिसायची की कुणीही येऊन करेल असं वाटावं. तेरा वर्षांनी ती एका पट्टीच्या वादकाला दोन रात्रींत येईना. मग दारू सोडलेल्या मार्कीला परत बोलावलं. तो आला आणि शेवटपर्यंत राहिला.

सैन्यातून आलेला मुलगा

आता सगळ्यात अवघड जागा रिकामी व्हायची होती. डी डी हा बँडचा मुख्य गीतकार. हेरॉइन, मनाचे टोकाचे चढउतार, आणि त्यातूनच येणारी ती गाणी. प्रत्येक गाण्याआधी ओरडून एक-दोन-तीन-चार मोजणारा तोच. १९८९ मध्ये तो बँड सोडून गेला. जाण्याआधी ‘डी डी किंग’ या नावानं रॅपचा एक अल्बमही त्यानं काढला. ज्या माणसानं सगळ्यांना आडनाव दिलं, त्यानंच ते उतरवून ठेवलं.

त्याच्या जागी आला ख्रिस्तोफर जोसेफ वॉर्ड. लाँग आयलंडचा मुलगा, रमोन्सचा भक्त, वय २३. बँड सुरू झाला तेव्हा हा आठ वर्षांचा होता. वाढदिवस जॉनीचा आणि याचा एकच, ८ ऑक्टोबर, मध्ये १७ वर्षांचं अंतर. अमेरिकेच्या मरीन दलात भरती झालेला होता आणि ऑडिशनला आला तेव्हा परवानगीशिवाय तळाबाहेर होता. परत जाऊन हजर झाला, लष्करी कोठडीत राहिला आणि तिथून सुटून सरळ बँडमध्ये आला. नाव मिळालं सीजे रमोन.

विचार करा, भिंतीवर ज्यांचं पोस्टर लावलंय त्यांच्यात जाऊन उभं राहायचं आणि पोस्टरमधल्या आपल्या सगळ्यात लाडक्या माणसाच्या जागी उभं राहायचं. गाण्याआधीचं एक-दोन-तीन-चार आता सीजेनं म्हणायचं.

पुढे जे झालं ते मला या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात सुंदर वाटतं. डी डी गेला, पण गाणी पाठवत राहिला. १९९२ च्या ‘मोंडो बिझारो’ अल्बमवरची ‘स्ट्रेंग्थ टू एंड्युअर’ आणि ‘मेन मॅन’ ही गाणी डी डीनं दुसऱ्या एका लेखकाबरोबर केलेली आणि सीजेनं गायलेली आहेत. सोडून गेलेल्या माणसानं लिहायचं आणि त्याच्या जागी आलेल्यानं गायचं. आमच्या नाटकातल्या मूळ नटानं मला एकदा फोन करून तिसऱ्या प्रवेशातला एक विराम कुठे घ्यायचा ते सांगितलं होतं. मी तो आजही विसरलेलो नाही. त्या माणसाबद्दल माझ्या मनात राग का नव्हता, ते त्या फोनमुळे.

सीजे सात वर्षं वाजवत राहिला. दोन न बोलणाऱ्या चाळिशीतल्या माणसांच्या मध्ये एक तरुण पोरगा उड्या मारतोय, असे ते व्हिडिओ आहेत. याच काळात दक्षिण अमेरिकेत रमोन्सना अमेरिकेत कधी मिळालं नाही एवढं प्रेम मिळालं. मार्च १९९६ मध्ये ते ब्युनोस आयर्सच्या रिव्हर प्लेट फुटबॉल स्टेडियममध्ये वाजले. तिथल्या पोरांनी ज्यांना डोक्यावर घेतलं ते रमोन्स म्हणजे जोई, जॉनी, मार्की आणि सीजे.

६ ऑगस्ट १९९६ ला हॉलिवूडच्या पॅलेसमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला, २,२६३ वा. पाहुण्या कलाकारांत डी डी होता. एक गाणं म्हणायला मंचावर आला आणि शब्द विसरला. बेसवर सीजे होता.

कुणाला मोजायचं

२००१ च्या एप्रिलमध्ये जोई कर्करोगानं गेला, पन्नाशीला महिना राहिला असताना. त्याचा आणि जॉनीचा समेट झाला नाही. पुढच्या वर्षी मार्चमध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये रमोन्सचा समावेश झाला. सन्मान मिळाला पाच जणांना, जोई, जॉनी, डी डी, टॉमी आणि मार्की. साडेचार वर्षं ड्रम वाजवलेला रिची त्या यादीत नव्हता. सात वर्षं बेस वाजवलेला सीजेही नव्हता. दोन रात्रींचा एल्व्हिस मात्र २००६ मध्ये त्या हॉलमध्ये गेला, ब्लाँडीचा क्लेम बर्क म्हणून.

सन्मानानंतर अडीच महिन्यांत, जून २००२ मध्ये, डी डी हेरॉइनच्या अतिसेवनानं गेला. २००४ मध्ये जॉनी, कर्करोगानंच. २०१४ च्या एप्रिलमध्ये त्या पहिल्या, ६,४०० डॉलरवाल्या अल्बमला अमेरिकेत पाच लाख प्रतींचं ‘गोल्ड’ प्रमाणपत्र मिळालं, ३८ वर्षांनी. तेव्हा चौघांपैकी एकटा टॉमी जिवंत होता. तोही जुलैमध्ये गेला. टीशर्टवरची चारही नावं संपली. २०२५ मध्ये क्लेम बर्कही गेला.

आज मागे उरलेत तिघं. मार्की, रिची आणि सीजे. तिघंही आपापल्या बँडबरोबर वाजवत आलेत आणि तिघंही अजून आडनाव रमोनच लावतात. ज्यांनी ते नाव सुरू केलं त्यांच्यापैकी कुणी नाही. जे नंतर आले, ज्यांना पगार मिळाला आणि काहींना सन्मानही नाही, त्यांच्याकडेच आता ते नाव आहे.

मूळ चौघांचं श्रेय यानं कमी होत नाही. त्या चौघांशिवाय वाजवायला काही नव्हतंच. पण टॉमी गेल्यावर १९७८ मध्ये बँड मिटला असता तर चार अल्बमसुद्धा झाले नसते. एकूण झाले १४. दुसऱ्याच्या नावाच्या जागेवर बसून ते काम तेवढ्याच जोरात करणाऱ्या माणसांनी ते चालवलं. आपण कुठल्याही जुन्या बँडचा, नाटकाचा, अगदी एखाद्या खानावळीचा इतिहास सांगताना संस्थापकांपाशी सुरू करतो आणि तिथेच थांबतो. रोज कुणी चूल पेटवली ते विचारायचं राहून जातं.

आमच्या नाटकाचा शंभरावा प्रयोग दणक्यात झाला. स्मृतिचिन्हं ‘मूळ संचा’ला दिली. मी तेव्हा मेकअप पुसत होतो, आतून टाळ्या ऐकू आल्या. प्रयोग मात्र त्या दिवशीही मीच केला होता. पुढे काही महिन्यांत नाटक बंद झालं. फार दिवस वाईट वाटत होतं, आता तितकंसं वाटत नाही. तरीही हे लिहायला घेतलं, म्हणजे थोडं असणारच.

गेल्या महिन्यात टीशर्ट छापणाऱ्या एका दुकानात गेलो. जुना टीशर्ट दाखवला, शिक्का तसाच ठेवायला सांगितला आणि फक्त कडेची चार नावं बदलायला दिली. मार्की, रिची, एल्व्हिस, सीजे. बरोबर चारच होतात. कॉम्प्युटरवरच्या मुलानं वर्तुळात नावं बसवली आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली.

“एकदा तपासून घ्या, सर,” तो म्हणाला. “छापल्यावर नावं बदलून मिळणार नाहीत.”